तुझं कडं मोडलं नव्हतं

महानंदा,

परवा उदगीरला तुला बसलेली पाहिलं. आमच्याकडे गेलेल्या माणसाला आडवं नेतात आणि जाळतात. तुम्हा लिंगायतांत बसवून नेतात, बसवूनच मातीत ठेवतात, हे मला ऐकून ठाऊक होतं. पण ऐकणं वेगळं. फुलांनी सजवलेल्या त्या आसनावर तू मांडी घालून बसलेली, कपाळावर विभूती, तळहातावर लिंग, मान जराशी कलती. माझं एखादं बोलणं पटलं नाही की प्रयोगशाळेतल्या स्टुलावर तू अशीच मान कलती करून बसायचीस. आता म्हणशील, "सर, एक मिनिट," असं मला खरंच वाटलं. चौतीस वर्षांच्या पोरीला पाच दिवसांच्या डेंग्यूनं न्यावं आणि तिच्या बासष्ट वर्षांच्या मास्तरानं धडधाकट पायांनी तिच्या मयतीला चालावं, याचा मला राग येतो. कुणावर काढावा ते कळत नाही, म्हणून सध्या घरच्यांवर काढतो आहे.

येताना एसटीत अहमदपूरपासून लोह्यापर्यंत रडलो. शेजारच्या बाईनं काही न विचारता पाण्याची बाटली पुढं केली. मी कधी कुणासमोर रडलेलो नाही, हे तुला माहीत आहे. तुझ्यासमोर तर नाहीच. तुझ्यासमोर मी फक्त ओरडलो.

तू पहिल्यांदा आलीस तो दिवस आठवतो. नांदेडच्या आमच्या कॉलेजात पीएचडी करायला येणारी पोरं बहुतेक सोपा विषय मागायची. लवकर संपणारा. तू बसल्या बसल्या म्हणालीस, "सर, मला लहान कड्यांवर काम करायचंय. तीन कार्बनच्या, चार कार्बनच्या." मी हसलो. मग वर्गात गेली पंचवीस वर्षं जे सांगायचो तेच तुला सांगितलं. कार्बनच्या चार हातांना ऐसपैस बसायला आवडतं, दोन हातांमध्ये एकशे नऊ अंशांची जागा लागते. तीनच कार्बन एकमेकांना धरून बसले की त्यांना साठ अंशांत कोंबून घ्यावं लागतं. म्हणजे ताण. म्हणजे संधी मिळाली की कडं मोडणार. पोरं हे वहीत उतरवून घेत. तू पेन खाली ठेवलंस.

"सर, उदगीर-नांदेड गाडीत दोघांच्या बाकावर तिघं बसतेत. ताण तर असतोच. पण मधला माणूस उठतो का? उठायला वाट तर पाहिजे ना."

मी म्हटलं, एसटीचं उदाहरण रसायनशास्त्रात चालत नाही. तू म्हणालीस, मग डास मारायची मॅट घ्या. तिच्यात जे औषध असतं ते मूळ शेवंतीच्या जातीच्या एका फुलातलं, आणि त्याच्या रेणूत तीन कार्बनचं कडं आहे. नांदेडच्या घराघरात ती मॅट तासन्‌तास तापते, औषधाची वाफ होते आणि कडं शाबूत राहतं. तसं नसतं तर डास मेले नसते. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण असं कधी सुचलं नव्हतं. मी त्या दिवशी घरी जाऊन भिंतीवरच्या त्या मॅटकडे बराच वेळ बघत बसलो, आणि तुझ्या काकूनं विचारलं की तुम्हाला बरं वाटतंय ना. महानंदा, आता तुला डासानंच नेलं. हे तुझ्या कानावर घातलं असतं तर तू आधी हसली असतीस आणि मग म्हणाली असतीस की दिवसा चावणाऱ्या डासाला संध्याकाळची मॅट काय करणार, सर. तू कुठलीही गोष्ट तशीच सोडायची नाहीस.

तुझा बेत धाडसाचा होता. एकाच रेणूत तीन कार्बनचं कडं आधीच बसलेलं, आणि त्याच्या शेजारी प्रकाशाच्या जोरावर चार कार्बनचं नवं कडं मिटवायचं, म्हणजे टोकं जोडून बंद करायचं. दोन अवघडलेली कडी एका पिंजऱ्यात. मी म्हटलं, चौघांचं मिटताना तिघांचं फुटेल. तू म्हणालीस, करून बघू. प्रकाशाचं यंत्र आमच्याकडे होतं, पण त्याचा दिवा जळून गेलेला आणि नव्या दिव्याचा अर्ज कुठल्या टेबलावर पडलाय ते कुणालाच माहीत नव्हतं. तर तू गच्चीकडे बोट दाखवलंस. "नांदेडच्या मे महिन्यात दिवा कशाला पाहिजे, सर?"

मग त्या सहा बाटल्या. पिवळंधमक द्रावण, काचेची बुचं, वाळूच्या ताटात ओळीनं मांडलेल्या. प्रयोगशाळेतले हुसेनमामू तुला गच्चीचं कुलूप उघडून द्यायचे आणि तू भर उन्हात डोक्याला पंचा गुंडाळून तासातासाला रंग बघायचीस. रंग गेला म्हणजे कडं मिटलं, इतकं सरळ. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात उडतो तसा तो रंग उडत होता. तू वहीत लिहायचीस: लिंबासारखा, ताकाच्या निवळीसारखा, पाण्यासारखा. रसायनशास्त्राच्या वहीत ताक कशाला, म्हणून मी तुला बोललोही. खरं म्हणजे तेवढं नेमकं मी कधी लिहिलं नव्हतं. त्या दोन वर्षांत तुझ्यामुळं मी पुन्हा सकाळी लवकर कॉलेजात जायला लागलो होतो. तू आणलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मामू, तू आणि मी तराजूच्या खोलीत उभ्यानं खायचो. हे तुला कधी सांगितलं नाही. तेव्हा सांगायला काय झालं होतं मला?

मग तो शनिवार आला. मी आठवडाभर पेपर तपासायला बाहेर होतो. तू आदल्या संध्याकाळी कुणाच्या तरी लग्नाला उदगीरला गेली होतीस. मी दुपारी गच्चीवर गेलो आणि पाहिलं, तर सगळ्या बाटल्यांवर ओली पोती. पोतं उचललं. खाली सहाही बाटल्या पाण्यासारख्या स्वच्छ.

त्या क्षणी मी काय विचार केला ते आज जसंच्या तसं लिहितो, कारण आता लपवून कुणाला फसवायचं? मी विचार केला की पोती आठवडाभर इथंच असणार, आणि पोत्याखाली ऊन लागत नाही. ऊन लागलं नाही तर रंग जात नाही. रंग तर गेलाय. म्हणजे या पोरीनं पिवळं द्रावण काढून काहीतरी बिनरंगाचं भरलंय, आणि वही घरी बसून लिहिली आहे. मला सगळं सुसंगत वाटलं. हुशार माणसाची चूक फार सुसंगत असते बघ, कुठं फट म्हणून सापडत नाही.

सोमवारी तू आलीस. मी तुला विचारलं नाही, सगळ्यांसमोर सरळ सांगितलं. "तू आकडे रचलेस." तुझ्या वहीच्या पानावर लाल पेनानं आडवं लिहिलं, हे शक्य नाही. तू म्हणालीस, "सर, मी खोटं नाही बोलून राहिले. नऊ दिवस ऊन दिलंय. पोत्याचं मला माहीत नाही. तुम्ही मामूला विचारा ना."

आणि मी म्हटलं, "प्रयोग खरा की खोटा हे मला मामूला विचारावं लागणार का?"

हे वाक्य गेली सहा वर्षं मी विसरू शकलेलो नाही. मामू दारातच उभे होते. त्यांनी मान खाली घातली. मी त्या सहा बाटल्या माझ्या हातानं मोरीत ओतल्या. तू नमुना हैदराबादला पाठवायला मागत होतीस. तिथल्या एका मोठ्या यंत्रातून आलेला कागद दूध का दूध, पाणी का पाणी करणार होता. मी पाठवायला काही उरूच दिलं नाही. तू रडली नाहीस. रिकाम्या बाटल्या घासल्यास, उलट्या करून सुकत ठेवल्यास, अ‍ॅप्रन खुंटीला अडकवलास आणि गेलीस. जाताना "येते सर" म्हणालीस. कुणी आपल्याला चोर म्हटल्यावर त्याला येते म्हणून जाणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

तू लातूरला क्लासमध्ये शिकवायला लागलीस हे दोन महिन्यांनी कळलं. मी म्हटलं, बरं झालं, तिथंच शोभेल. असं म्हणणारा माणूस मीच होतो. पुढं तिथून शिकून आलेली पोरं आमच्याकडे बीएस्सीला यायला लागली. एकदा मी फळ्यावर तीन कार्बनचं कडं काढलं आणि म्हटलं, ताण आहे म्हणजे मोडणार. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, आमच्या लातूरच्या मॅडम सांगत होत्या, मोडावंसं वाटणं वेगळं आणि मोडणं वेगळं. मोडायला वाट लागते म्हणून." मी तिला खाली बसवलं. पण माझा तास तिथंच संपला. तुझं भांडण तू नांदेडला माझ्या वर्गात पाठवून दिलं होतंस.

मामू निवृत्त झाले तेव्हा आम्ही त्यांना शाल दिली. चहा पिताना ते सहज म्हणाले, "सर, एक बोलू का? ती उदगीरची पोरगी लई खरी होती. तुम्ही तिला उगी बोललाव."

मी म्हटलं, मामू, पोती तर तुम्हीही पाहिलीत.

"पाहिली काय सर, मीच टाकली न. जायच्या आधी ती म्हणली, मामू, झालं, तयार झालं, सोमवारी येऊन उतरवते. मी म्हणलं, तयार झालेला माल ऊनात कामून सडू द्यायचा? दवा हाय, खराब होईल. मंग रांजणावर टाकतो तशी ओली पोती टाकली. एकच दिवस टाकली, सर. त्याच्या आधी नऊ दिवस तर मी तिथं चिमण्या हाकलून राहिलो होतो."

"मला तेव्हा का नाही सांगितलं?"

मामू कपात बघत म्हणाले, "तुम्ही इचारलंच न्हाई."

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी तुझा प्रयोग केला. कुणाला सांगितलं नाही. मुलांच्या प्रात्यक्षिकाची तयारी करतोय असं सांगून गच्चीची किल्ली घेतली, डोक्याला पंचा गुंडाळला आणि तासातासाला रंग बघितला. लिंबासारखा. ताकाच्या निवळीसारखा. खरंच ताकाच्या निवळीसारखाच दिसतो गं तो, दुसरा शब्द नाही त्याला. पांढरे खडे निघाले. ते हैदराबादला पाठवले आणि पंधरा दिवसांनी कागद आला. त्यावरच्या आलेखाच्या अगदी उजव्या टोकाला, जिथं तीन कार्बनच्या कड्यावरचे हायड्रोजन सोडून सहसा दुसरं कुणी फिरकत नाही, तिथं दोन छोटी शिखरं उभी होती. चौघांचं कडं मिटलं होतं आणि तिघांचं जागच्या जागी होतं. तुझं कडं मोडलं नव्हतं.

मी तो कागद टेबलाच्या खणात ठेवला.

का ठेवला, असं तू विचारशील. मी वकिलासारखी पुष्कळ कारणं जमवली होती. ती आता लातूरची नावाजलेली मॅडम आहे, जुनं कशाला उकरा. तिचं बरं चाललंय. आता सांगून तिचं काय भलं होणार? पण खरं कारण लाजिरवाणं आहे. कागद तुझ्या हातात दिला असता तर नुसतं "माझं चुकलं" म्हणून भागलं नसतं. मी तुझं आयुष्य वळवलं, हे कबूल करावं लागलं असतं. चूक कबूल करायला मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना शिकवत आलो. वहीत खाडाखोड करू नका, एक रेघ मारा आणि खाली खरं लिहा, असं सांगायचो. स्वतःच्या वेळी मला एक रेघ मारता आली नाही.

या सहा वर्षांत मी लातूरला दोनदा आलो. एकदा परीक्षेच्या कामाला. तुझ्या क्लासवर आलो तेव्हा तुझ्या बोटांना खडू लागलेला होता आणि दारात पोरांची ही गर्दी. तू मला तुझ्या खुर्चीवर बसवलंस, कडक चहा मागवलास, पोरांना सांगितलंस, हे माझे सर. मी इकडचं तिकडचं बोललो, चहा प्यालो, निघालो. दुसऱ्यांदा एका लग्नाला. तेव्हा तू स्कूटीवर मला स्टँडला सोडायला आलीस. काकूसाठी चटणीची पुडी दिलीस. गाडी लागली तरी तू खिडकीखाली उभी. "सर, काही सांगायचं राहिलं का?" असं विचारलंस. मी म्हटलं, नाही. पोचल्यावर फोन करतो. पोचलो आणि तोही केला नाही.

आता परवाचं सांगतो. तुला माहीत नाही ते.

मी गर्दीत मागं उभा होतो. तुला मातीत बसवलं तेव्हा तुझे वडील, अप्पा, इकडं तिकडं बघत होते. मी दिसल्यावर म्हणाले, "सर, फुडं या. तिचे गुरू हाव तुम्ही. तुमच्या हातानं वाहा." आणि माझ्या हातात बेलाचं पान दिलं. तुमच्यात गुरू म्हणजे देवाच्या जागी, हे तूच मला एकदा समजावलं होतंस. ते पान वाहून मी तिथंच उभा राहिलो, तेव्हा तुझ्या एका मामेभावानं मला दंडाला धरून बाजूला घेतलं.

दुपारी मोंढ्याच्या बाजारातल्या तुमच्या दुकानामागच्या घरात गेलो. बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकली होती. तुझी आई, तू अव्वा म्हणायचीस ती, आतल्या दाराशी भिंतीला टेकून बसलेली. अप्पा म्हणाले, "लांबून आलाव सर, लई बरं केलाव." मी पिशवीतून कागद काढला. हातांना काहीतरी काम हवं म्हणून तो आधी सरळ केला, मग त्यांच्यासमोर ठेवला. अप्पांनी चष्मा लावला.

"ह्यात काय हाय?"

"हे महानंदाचं काम आहे. हे टोकाचं बघा, हे दोन. ती म्हणत होती ते हेच." आणि मग मी सगळं सांगितलं. बाटल्या, पोती, मामू, मोरी, खण. सहा वर्षं. ते ओरडतील, हाकलून देतील, असं मला वाटत होतं. हाकललं असतं तर मला बरं वाटलं असतं.

अप्पांनी चष्मा काढला. "तिला ठाव होतं, सर."

मला कळेना.

"तुम्ही पैल्या बारीला लातूरला आलाव, तवा तिला काय की इचारलाव म्हणं. बाटल्या ऊनात किती घंटे ठिवल्या व्हत्या म्हणून. त्या सांजी तिनं फोन केला. म्हणली, अप्पा, सरांनी करून बघितलं. केल्याबिगर असं कोणी इचारत न्हाई. लई खूश व्हती. मी म्हणलं, मंग बोलले का काही? म्हणली, न्हाई, पुढच्या बारीला बोलतील. मंग तुम्ही लग्नाला आलाव. मी रातच्याला पुन्हा इचारलो, आता तरी बोलले का? म्हणली, न्हाई अप्पा. बोलतील. सरांना येळ लागतो."

महानंदा, तो प्रश्न विचारल्याचं माझ्या लक्षातही नव्हतं. चहा पिताना अगदी सहज विचारतोय असं दाखवून विचारला असणार मी, स्वतःला मोठा चतुर समजून. रोज किती तास गं, नऊ ते चार का, आठ ते पाच? आणि तू सांगितलंस, आणि हसलीस, आणि माझ्यासाठी आणखी अर्धा कप मागवलास. त्या अर्ध्या कपाइतका वेळ तू मला आणखी दिला होतास. स्टँडवरही दिला होतास. मला वाटत होतं की मी तुझ्यापासून काहीतरी लपवतोय. तू मात्र सगळं जाणून माझी वाट बघत होतीस, पेपरात अडलेल्या पोराची बघतात तशी.

अप्पांनी कागदाची घडी घातली आणि सावकाश विचारलं, "मंग फोन कामून न्हाई केलाव, सर?" त्यात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी हात जोडले आणि जे तुझ्यासमोर म्हणायचं होतं ते त्या खोलीत म्हटलं. "तिचं बरोबर होतं. ती खोटं बोलली नव्हती. मी चुकलो." अर्धं ओठांतच राहिलं.

आतल्या दाराशी अव्वा हलली. तिनं पदरानं तोंड पुसलं, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"मला ऐकू आलं न्हाई," ती म्हणाली. "पुन्हा म्हणा. मोठ्यानं म्हणा."

मी पुन्हा म्हटलं.